तिघांत एक

शनिवारी वेताळ टेकडीवर, खाणीच्या वरच्या कडेला
आम्ही तिघं. हेरंब, फरझाना आणि मी.
गांजाची एकच सिगरेट,
तिघांत एक.
हेरंब वळायचा. बँकेत नोटा मोजून मोजून
त्याची बोटं सराईत झालेली.
दोन झुरके घ्यायचे, पुढे द्यायची.
कुणी तिसरा घेतला तर फरझाना नुसतं बघायची.
तेवढा धाक पुरायचा.

चव्वेचाळिसाव्या वर्षी याला व्यसन म्हणत नाहीत
असं आम्हीच तिघांनी मिळून ठरवलं होतं.

मग गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले.

पहिला नियम निघाला, कुणाचं उष्टं घ्यायचं नाही.
चहाचे कपसुद्धा वेगळे,
ही तर ओठांवरून ओठांवर जाणारी.
शनिवारी लॅपटॉप उघडून बसलो,
तीन चौकोनांत तीन ठिणग्या.
हिशेब हेरंबला तिथल्या तिथे कळला होता:
तिघांत एक होती,
आता तिघांच्या तीन.

पुडी मेथीच्या जुडीतून यायची.
आणणारा पोरगा मास्क हनुवटीला लावून म्हणायचा,
मॅडम, माल नाही, नाक्यानाक्यावर पोलीस,
दोनशेची सातशे झाली.
मी नोटांवर इस्त्री फिरवून उंबऱ्याबाहेर ठेवायचे.
खालच्या पोंक्षेबाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं,
संध्याकाळी धुरी कोण करतं? छान आहे हो,
डास गेले.

माझं काम विम्याचे दावे तपासण्याचं.
कृपया मृत्यूचा दाखला जोडावा.
दाखला अस्पष्ट आहे, कृपया पुन्हा जोडावा.
सासवडच्या एकाने पुन्हा जोडला.
पुन्हा अस्पष्ट,
फोटो काढताना हात हलला होता त्याचा.
मी मंजूर केला आणि बाल्कनीत गेले.
दुपारचे सव्वातीन. वार मंगळवार.
त्या दिवशी शनिवार फुटला,
तेलाची पिशवी फुटावी तसा,
आणि सगळ्या आठवड्याला लागला.

सप्टेंबरात एका रात्री डबी उघडली.
वासच नाही.
फसवलं, म्हटलं. मेथीच दिली वाळवून.
फोन लावला, पोराला नाही नाही ते बोलले.
मग सहज हिंगाची डबी उघडली.
मग फिनेलची बाटली.
मग पोराला पुन्हा फोन केला.
म्हटलं, तुझी चूक नाही रे,
पण तूही तपासून घे.

सतरा दिवस बोटाला तो चिमटा लावून आकडे बघत पडले.
ब्याण्णव. चौऱ्याण्णव. ब्याण्णव.
इतकं मन लावून कधी झुरका ओढला नव्हता,
आणि तोही
नुसत्या हवेचा.

आता टेकडीवर जाता येतं.
हेरंबने सोडलं सगळं, तो पहाटे पाषाणच्या बाजूने पळतो,
पळताना मनगटाकडे बघतो.
फरझाना रोज रात्री घेते. त्याशिवाय झोप नाही म्हणते.
एकटी घेते, कॅमेरा बंद करून.
माझं मधलं. कधी आठवडा जातो सुखाने,
कधी एक संध्याकाळ जाता जात नाही.
तो पोरगा?
त्याचा नंबर अजून आहे माझ्याकडे.
लागत नाही.

परवा खाणीपाशी पोरं बसली होती पाच-सहा,
विशी-बाविशीची.
एकाने सहज पुढे केली,
घ्या ना, काकू.
हातात घेतली. टोक ओलसर होतं
कुणाकुणाच्या ओठांनी.
दोन झुरके घ्यायचे, पुढे द्यायची,
एवढं साधं होतं ते.
मी पहिलाही घेतला नाही
आणि पुढे द्यायचंही सुचेना,
नुसती धरून उभी,
इतका वेळ की त्यांच्यातली एक मुलगी हळूच म्हणाली,
काकू,
विझेल.